मॅनेजरच्या आवाजातली बाई

"अहो, तुमच्या मॅनेजरबाईंना घशाचं काही दुखणं आहे का?"

बायकोने आतल्या खोलीतून विचारलं तेव्हा व्हिडिओवाला पडवीत बसून वायरी गुंडाळत होता. आदल्या दिवशी तिजोऱ्यांच्या कंपनीत चित्रीकरण झालं होतं, आणि आता बायको संगणकावर जोडणी करायला बसली होती. शूटिंग त्याचं, जोडणी तिची, आणि भांडण दोघांचं मिळून, अशी त्या घरातली कामाची वाटणी होती.

"मॅनेजरबाई कुठल्या?" तो म्हणाला. "मॅनेजर पुरुष आहे. चांगला दणकट. मिशी आहे त्याला."

मग बायको एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मग तुम्ही जरा इकडे या."

जोडणीच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला होता. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत गेलं की माणूस कुजबुजायला लागे. पडद्यावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, करड्या कपड्यांतली, केस घट्ट बांधलेली. व्हिडिओवाल्याने सगळ्यांना बजावलं होतं की कॅमेऱ्यात बघायचं नाही, बाजूला बघायचं. ही बाई थेट कॅमेऱ्यात बघत होती, म्हणजे थेट त्याच्याकडे. तिने ओठ उघडले, आणि मॅनेजरच्या भरदार आवाजात म्हणाली, "आमच्या कंपनीचा पाया म्हणजे विश्वास. हं."

त्या शेवटच्या 'हं'ने व्हिडिओवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मिशीवरून हात फिरवताना मॅनेजर अगदी असाच 'हं' करायचा.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता? कॅमेऱ्यामागे तुम्ही होतात."

"मी असताना ही तिथे नव्हती गं!"

बायको घाबरट नव्हती, पण तिनेही खुर्ची थोडी मागे सरकवली. मग तिने चित्र उलटं पळवून सुरुवातीला नेलं. आधी मॅनेजर उठून निघताना दिसला. त्याच्यामागून खुद्द व्हिडिओवाला जेवायला निघताना दिसला. मग नुसती रिकामी खुर्ची. खुर्चीमागे कंपनीने बनवलेली पहिली तिजोरी शोभेला उभी होती, माणसापेक्षा उंच, दार किंचित उघडं. बराच वेळ काहीच हललं नाही. आणि मग त्या तिजोरीकडच्या अंधारातून ती बाई निघाली, खुर्चीत बसली आणि तिने केसांवरून हात फिरवला.

"तिजोरीतून आली," व्हिडिओवाला म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

खरं तर या भानगडीत भुताचा हात नंतर आला, आधी त्याचा स्वतःचा अंगठा आला होता. कॅमेऱ्याला चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच असतं. एखादे वेळी चालू करताना ते नीट दाबलं जात नाही आणि सगळा हिशेब उलटा होऊन बसतो. माणूस चालू समजतो तेव्हा कॅमेरा झोपलेला असतो, आणि बंद करून निघून गेला की तो डोळे उघडतो. मॅनेजरची अख्खी मुलाखत कॅमेऱ्याने झोपेत काढली होती, आणि जेवणाची सुट्टी मात्र इमानदारीने टिपली होती.

आवाज धरणारं यंत्र वेगळं असतं. ते टेबलाखाली बसून सकाळपासून बिनबोभाट चालू होतं. मुलाखतीच्या सुरुवातीला व्हिडिओवाला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवी. चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. या वेळी आवाजात टाळी होती, चित्रात नव्हती. बायकोला मॅनेजर कोण हे कुठे ठाऊक? मुलाखतींच्या यादीत नावापुढे 'मॅनेजर' लिहिलेलं बघून समोर जी बाई बसली होती तिच्या ओठांना तिने मॅनेजरचा आवाज लावून दिला. आणि तो इतका चपखल बसला की विचारू नका.

"म्हणजे आवाजाचं कोडं सुटलं," बायको म्हणाली. "बाईचं राहिलं."

हे काम व्हिडिओवाल्याला जिवापेक्षा मोलाचं होतं. आजवर तो फक्त लग्नांचं चित्रीकरण करायचा आणि गावभर त्याला 'लग्नवाला' म्हणायचे. कंपनीचं काम मिळवायला त्याने मॅनेजरपुढे व्हिडिओचे सगळे प्रकार घडाघडा म्हणून दाखवले होते: कंपनीची ओळख करून देणारा, मुलाखतींचा, कामगारांना काम शिकवणारा, गिऱ्हाइकांचे अनुभव सांगणारा, झालंच तर जाहिरातीचा. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सगळे एकातच बसवा." शुक्रवारी तो व्हिडिओ मोठ्या साहेबांना आणि बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना दाखवायचा होता. आवडला तर पुढचं सगळं काम त्यालाच मिळणार होतं. नाही आवडला, तर जन्मभर नवऱ्यामुलांच्या पुढे उलटं चालणं होतंच.

नवराबायको संगणक बगलेत मारून कंपनीत गेले.

मुलाखती जिथे झाल्या त्याच बैठकीच्या खोलीत मॅनेजरने त्यांना बसवलं. खोलीला खिडकी नव्हती. मागे ती तिजोरी तशीच उभी होती, दार तसंच किंचित उघडं, आणि तिच्याआड भिंतीत एक अरुंद बंद दार. व्हिडिओवाला तिच्याकडे पाठ करून बसला, मग उठून तोंड करून बसला, आणि शेवटी बायकोच्या आड बसला.

मॅनेजरने व्हिडिओ पाहिला. पाहता पाहता त्याचा हात गळ्याशी गेला.

"हा आवाज माझा आहे."

"हो साहेब."

"मग मी कुठे आहे?"

"तुम्ही... आला नाहीत साहेब."

"आलो नाही म्हणजे? मी समोर बसलो होतो ना तुमच्या!"

"बसला होतात. पण चित्रात उतरला नाहीत."

व्हिडिओवाल्याने अंगठ्याची हकीकत सांगायला तोंड उघडलं, पण मॅनेजर ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्या क्षणापासून त्याचा आवाजच बसला. त्याने खसकन फोन उचलला, "पहारेकरी पाठवा," एवढं घोगऱ्या स्वरात म्हणाला आणि ठेवून दिला.

पहारेकऱ्याने बाईचं थांबवलेलं चित्र डोळे बारीक करून न्याहाळलं. "ही फाटकातून आत आलेली नाही, साहेब. छातीठोक सांगतो."

"आणि बाहेर गेली?"

"बाहेरही गेलेली नाही."

"म्हणजे आत आहे?"

पहारेकऱ्याने तिजोरीकडे पाहिलं. "असं मी म्हटलेलं नाही, साहेब."

तिजोरी उघडून बघावी यावर सगळ्यांचं एकमत झालं, ती कोणी उघडावी यावर मात्र होईना. मॅनेजरने पहारेकऱ्याला सांगितलं, पहारेकरी म्हणाला माझं काम फाटकाचं. तेवढ्यात कोठाराचा कारकून आत डोकावला. त्याने चित्र पाहिलं आणि ही बाई आपल्याला कुठेतरी भेटलेली आहे, पण या जगात नव्हे, असं जाहीर केलं. मग काय विचारता! घटकाभरात बातमी खालपर्यंत गेली. हिशेब खात्यातली माणसं पाणी प्यायलासुद्धा जोडीने जायला लागली. जो तो येऊन चित्र बघून जाई. कंपनीत केस पिकलेली माणसंही आली, पण एकालाही तिची ओळख पटेना. माणूस ओळखीचा नसला तर काही वाटत नाही, पण इतक्या डोळ्यांपैकी एकाही डोळ्याला ओळखू न येणारा माणूस कॅमेऱ्यात इतक्या ओळखीने बघतो, याचं सगळ्यांना भय वाटायला लागलं.

मॅनेजरने पुन्हा फोन उचलला. "मोठ्या साहेबांना म्हणावं जरा खाली या."

मोठे साहेब काठी आपटत आले. थकले होते, पण कोणाचं ऐकून घ्यायची सवय अजून लागलेली नव्हती. त्यांनी व्हिडिओ उभ्याउभ्याच पाहिला.

"लग्नवाले, हा तुमच्यातला कुठला प्रकार म्हणायचा?"

व्हिडिओवाला पुन्हा बायकोच्या आड सरकला.

"आपण तिजोऱ्या विकतो," मोठे साहेब मॅनेजरकडे वळले. "लोकांना सांगतो, आमच्या परवानगीशिवाय माशी आत जायची नाही. आणि आपल्याच घरात बाई शिरते, मॅनेजरच्या जागी बसते, मॅनेजरच्या आवाजात बोलते, आणि ती कोण हे एकाला सांगता येत नाही! व्यापाऱ्यांनी हे बघितलं तर काय अब्रू राहील? फिल्म रद्द. आणि यांना फाटकापर्यंत पोचवा."

व्हिडिओवाल्याला तिथल्या तिथे साऱ्या नवऱ्यामुलांचे चेहरे दिसायला लागले. तो बायकोकडे वळला, तर ती कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेली. इतका वेळ पुरुष मंडळी तिजोरी कोणी उघडायची यावर हुज्जत घालत होती, तेव्हा ती मुकाट्याने आवाजाची फाइल पुढे पुढे ऐकत गेली होती. मॅनेजरचं बोलणं संपलं, पावलं दूर गेली, दार लागलं. मग नुसती खोलीची घुमी शांतता. आणि मग खुर्ची करकरली.

"जरा गप्प बसता का सगळे?" ती म्हणाली. मोठ्या साहेबांनाही हे लागू होतं हे तिच्या लक्षात आलं नाही. "बाईंचा स्वतःचा आवाज सापडला."

तिने मॅनेजरचा आवाज काढून टाकला, खुर्चीच्या करकरीवर बाईचं बसणं जुळवलं, आणि चालू केलं.

पडद्यावरच्या बाईने ओठ उघडले. "नमस्कार."

बस, तेवढंच. मॅनेजर सवयीने ताठ झाला आणि म्हणून गेला, "कोठार जोडा हो." पहारेकरी हसायला लागला. कोठाराच्या कारकुनाने कपाळावर हात मारला. "अहो, ही आपली ऑपरेटर!"

"ऑपरेटर!" मोठे साहेबही म्हणाले, आणि खोलीत एकच हशा उसळला. इतकी वर्षं प्रत्येकाच्या कानात असलेला तो आवाज होता. तिला चेहराही असेल असा विचार कोणी केलाच नव्हता. तिजोरीमागचं ते अरुंद दार वायरींच्या कपाटाचं आहे असं सगळे धरून चालले होते. ते तिच्या खोलीचं होतं. त्या खोलीला मागच्या गल्लीतून वाट होती. सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणारं माणूस पहारेकऱ्याला तरी कुठून दिसणार?

हसणं चालू होतं, तशी बाईही पडद्यावर बोलत होती. हळूहळू लोक ऐकायला लागले.

"...सगळ्यांच्या मुलाखती चालल्या होत्या, मी दाराआडून ऐकत होते. माझं काही ठरलेलं नव्हतं, पण खुर्ची मोकळी दिसली आणि लाल दिवाही चालू होता, म्हणून बसले. मी इथे सगळ्यांना ओळखते. मोठ्या साहेबांनी 'हॅलो' म्हटलं की मला कळतं, आज त्यांना कोणाचा फोन द्यायचा नाही. मॅनेजर साहेब घरी बोलताना आवाज अगदी बारीक करतात."

या ठिकाणी हशा पुन्हा यायला हरकत नव्हती, पण आला नाही.

"पुढच्या महिन्यापासून मशीन बसतंय. ते न चुकता जोडून देईल म्हणतात. चांगलंच आहे. माझी काही तक्रार नाही. फक्त म्हटलं, जायच्या आधी एकदा दिसून जावं."

ती उठली आणि तिजोरीमागच्या अंधारात दिसेनाशी झाली. रिकामी खुर्ची पडद्यावर राहिली. मघापेक्षा ती आता जास्त भयाण वाटत होती, आणि मशीनच्या कागदावर सही केलेले मोठे साहेब काठीकडे बघत होते. व्हिडिओवाल्याला फार वाईट वाटलं. आजवर इतक्या लोकांना त्याने दाखवलं होतं, पण स्वतःहून दिसायला आलेलं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

"ही मुलाखत राहू द्या," मोठे साहेब शेवटी म्हणाले. "शुक्रवारी दाखवू."

मॅनेजरला हायसं वाटलं. त्याचा आवाजही परत आला. "उत्तम! चला, मिटलं सगळं. प्रत्येकाच्या खाली येतं तसं यांच्याही खाली नाव आणि हुद्दा घाला. हं."

बायकोने 'टेलिफोन ऑपरेटर' असं लिहून टाकलं. "आणि नाव?"

मॅनेजरने पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकऱ्याने कारकुनाकडे. कारकुनाने छताकडे.

"तिला मीच नेमलं होतं," मोठे साहेब म्हणाले.

"मग सांगा ना."

ते मॅनेजरकडे वळले. "आपण... काय म्हणून हाक मारतो तिला?"

"काहीच नाही, साहेब," मॅनेजर म्हणाला. "उचललं की बोलायलाच लागतो."

ते अरुंद दार अगदी समोर होतं, पण तिकडे जाऊन ते ठोठावावं असं कोणाच्या मनात आलं नाही. मोठ्या साहेबांनी सवयीने फोन उचलला.

"नमस्कार," आवाज फोनमधून आला आणि भिंतीपलीकडूनही आला. सगळ्यांच्या अंगावर पुन्हा बारीकसा शहारा उठला. "कोणाला जोडून देऊ?"

मोठे साहेब घुटमळले. "तुम्हाला."

"कोणाला, साहेब?"

"तुम्हालाच. ऑपरेटरबाईंना. बोलायचं होतं जरा."

पलीकडे खुर्ची करकरली.

"त्यांना आजवर कोणी मागितलेलं नाही, साहेब," आवाज म्हणाला. "थांबा जरा. आहेत का बघते."

आणि फोनमध्ये थांबणाऱ्यांसाठी लावतात ती गुळगुळीत धून वाजायला लागली. मोठे साहेब आयुष्यात कोणासाठी थांबले नव्हते. ते काठी भिंतीला टेकवून, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून, थांबले.