आधी आडोसा, मग भेकर

आमच्या मजल्यावरच्या निमकर काकू तुमचं नाव विचारण्याआधी मजला विचारतात आणि तिथल्या तिथे तुमचा प्राणी ठरवून टाकतात. पहिल्या भेटीत मी ‘नववा’ म्हणालो, तर लिफ्टमध्येच खूश झाल्या. “म्हणजे माझ्यासारखेच शेकरू! झाडाच्या शेंड्यावर राहणारी खार!” माझ्या बायकोने माझ्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, “पण ह्यांना फांदी झेपेल का?”

काकू पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. काका गेल्यावर मुलाने त्यांना इथे शारजात, अल नहदाला आणलं. मुलगा आणि सून सकाळी दुबईला जातात आणि ट्रॅफिक सोडेल तेव्हा परततात. मग काकूंचा वर्ग लिफ्टमध्ये भरतो.

“जंगल म्हणजे नुसती झाडांची गर्दी नव्हे हो, त्याला मजले असतात. शेंडे एकमेकांना टेकले, तरच शेकरू टिकतं. खालची झुडपं तोडलीत, तर मोठी झाडं उभी असूनही भेकर निघून जातं. लाजरं हरीण ते!” दार पायाने अडवलेलं, लिफ्ट बोंबलतेय, मागचा इजिप्शियन शेजारी ‘यल्ला, यल्ला’ करतोय. काकू शांतपणे म्हणतात, “वन मिनिट, हबीबी, साळिंदर राहिलंय.”

समोरच्या फ्लॅटमध्ये सायली आली, रत्नागिरीची, नवीन लग्न झालेली. नवरा पहाटेच हमरियाला कामावर जायचा. ही किराणा घेण्यापुरतं दार किलकिलं करायची आणि लावून घ्यायची. बायकोने चहाला बोलावलं, तर “येते हां” म्हणाली आणि आलीच नाही.

“भेकर!” काकूंनी निदान केलं. “आणि तुमचा कॉरिडॉर बघा. चकचकीत फरशी, वर ट्यूबलाइट, लपायला पान नाही. आधी आडोसा बघा, मग जनावर!”

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या कोपऱ्यात उंच झाडांच्या कुंड्या आणि सायलीच्या दाराकडे पाठ केलेल्या वेताच्या दोन खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. वॉचमन धावत आला. “मॅडम, ये सब हटाना पड़ेगा.”

“हटाओगे तो जानवर नहीं आयेगा.”

“कौन सा जानवर?” तो बिचारा दोन पावलं मागे सरला. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर बातमी, की नवव्यावर काहीतरी पाळलंय. शेवटी कुंड्या भिंतीला चिकटवून रस्ता मोकळा ठेवायचा, यावर तह झाला.

काकू रोज दुपारी तिथे मटार सोलत बसू लागल्या. मागे वळून बघायचं नाही, बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम. काकूंनी गप्प बसायचं म्हणजे निर्जळी एकादशीच. रोज दुसरी खुर्ची रिकामीच राहायची.

एका शनिवारी मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आलो, तर समोरचं दार उघडलं. सायली हळूच आली, कुंडीआडच्या खुर्चीत बसली आणि मूठभर शेंगा ओढून सोलायला लागली. मी जागच्या जागी थिजलो. आता काकू बोट वर करणार, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ म्हणणार, अशी माझी खात्री होती.

काकूंचे हात थांबले होते. लिफ्ट दणाणून सोडणारा तो आवाज अगदी खाली आला होता.

“इथे आल्यापासून माझ्या शेजारी कुणी असं बसलंच नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. “उद्या येशील ना?”

“येईन की,” सायली म्हणाली.

पिशवीचा आवाज होऊ न देता मी मागच्या पावली घरात शिरलो.