ओळख न पटल्याचा ठराव

बाईंच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींच्या संग्रहातल्या एकाही स्त्रीला तिचा जन्मदातासुद्धा ओळखू शकला नसता. निदान बाईंची तशी ठाम समजूत होती. संसारी स्त्रियांच्या मौनावर त्या कित्येक वर्षं संशोधन करत होत्या. प्रत्येकीला त्यांनी शब्द दिला होता, तू कोण हे कोणालाही कळणार नाही. नावं पुसली होती, गावं पुसली होती. आवाज तर यंत्रातून काढून असे घोगरे केले होते, की माणूस बोलतंय की पाण्याचा पंप आचके देतोय, असा प्रश्न पडावा!

पण विद्यापीठाच्या डेटा-सुरक्षा समितीला पुरावा हवा होता. गुप्त माहिती गुप्त राहिली आहे की नाही, हे समिती ती सर्वांसमक्ष ऐकून ठरवणार होती! कुलूप तपासायला दार सताड उघडण्याची ही रीत विद्वानांनाच सुचू शकते. एकीची जरी ओळख पटली, तरी सगळा संग्रह नष्ट करायचा, असा नियम होता.

बाईंनी त्यातल्या त्यात निरुपद्रवी तुकडा लावला. घोगरा आवाज म्हणाला, "मी काही सांगायला लागले, की हे म्हणतात, 'तू म्हणशील तसं.' आणि मग त्यांना हवं तेच करतात. मी काय म्हणत होते, हे त्यांना अजून माहीत नाही."

समितीवरच्या कुलसचिवांनी कप बशीत आदळला. "अहो, ही तर आमची ही!"

"काहीतरीच काय!" अधिष्ठाते उसळले. "ते वाक्य मूळ माझं आहे! लग्नापासून वापरतोय मी!" आणि आपण नेमका कशावर हक्क सांगितला, हे ध्यानात येऊन ते मटकन खाली बसले.

संगणकप्रमुखांचा चेहरा बंद पडद्यासारखा झाला होता. "मॅडम, एवढंच सांगा. आमची नाही ना?"

ती स्त्री दूरच्या गावातली शेतकरीण होती. एका 'नाही'ने तिघांचाही जीव भांड्यात पडला असता. पण आज यांना 'नाही' म्हटलं, तर उद्या ज्याला 'नाही' म्हणता येणार नाही, त्याला आपल्या गप्प बसण्यातूनच 'हो' कळणार. बाई गप्प राहिल्या.

"ओळख पटली! संग्रह नष्ट करा!" कुलसचिव कडाडले.

आयुष्यात एकदाच तोंड उघडलेल्या त्या साऱ्या बायका पुन्हा गप्प केल्या जाणार होत्या. बाईंचा संताप गोठून बर्फ झाला.

"जशी समितीची इच्छा," त्या अत्यंत अदबीने म्हणाल्या. "फक्त इतिवृत्तात कारण लागेल. कोणाच्या पत्नीची ओळख पटली, असं लिहू?"

कुलसचिव चष्मा पुसू लागले.

"ओळख अशी... म्हणता येणार नाही," अधिष्ठाते खाकरले.

"आवाज फारच घोगरा आहे हो!" संगणकप्रमुख म्हणाले.

"आणि आमची ही कुठे एवढं बोलते!" कुलसचिवांनी जोड दिली.

कोणत्याही स्त्रीची ओळख पटत नाही, सबब संग्रह सुरक्षित आहे, असा ठराव एकमताने संमत झाला.

कुलसचिव मात्र दाराशी रेंगाळले. "मॅडम, ती जी कोणी असेल... ती म्हणत काय होती हो?"

"ते गोपनीय आहे, सर. घरी विचारून पाहा."

आज कामं फार तुंबली आहेत, घरी जायला उशीर होईल, असं पुटपुटत कुलसचिवांनी आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.