दिब्रुगडचा चंद्र

संकष्टीच्या संध्याकाळी सव्वाआठला विमलताईंनी सुनेला व्हिडिओ कॉल लावला, आणि पडद्यावर सून जेवताना दिसली. समोर वरणभात, हातात अर्धा मोदक. धाराशिवच्या घरातल्या कॅलेंडरात चंद्रोदय होता नऊ वाजून चार मिनिटांनी.

सून निवेदिताच्या लग्नाला तीनच महिने झाले होते. नवऱ्याच्या, म्हणजे यज्ञेशच्या नोकरीपायी दोघं आसामात दिब्रुगडला राहत होती. सासूचं व्रत आपणही धरायचं ही तिचीच हौस आणि आजचा हा तिचा पहिला उपास.

"चंद्र बघूनच बसले, आई."

"नऊच्या आत? कॅलेंडर मीच दिलंय की तुला."

निवेदितानं मोदक ताटात ठेवला. तिचे डोळे भरून आले. विमलताईंना उपास मोडल्याचं फारसं काही नव्हतं, पण पहिल्याच संकष्टीला पोरगी आपल्याशी खोटं बोलली याचं फार वाईट वाटलं.

मार्तंड सर, म्हणजे विमलताईंचे यजमान, सहा वाजल्यापासून स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. उपास त्यांनाही होता. बत्तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला, पण कुण्या विद्यार्थ्यानं आपण होऊन शंका विचारली नव्हती. आज शंका घरीच चालून आली. त्यांनी देवापुढचा नारळ उचलला, त्यावर टॉर्च मारला आणि नारळ फिरवत सांगितलं की हे धाराशिव, हे पूर्वेला दिब्रुगड, मधे एकोणीस रेखांश. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर तिकडं सगळं सव्वा तास आधी उगवतं.

"नैवेद्याचा हाय तो, खाली ठेवा," विमलताई म्हणाल्या. पण नजर नारळावरच होती. मग सूर्य बी आधी उगवतो का, त्यांनी विचारलं. उगवतो. मग तिकडची ऑफिसं आपल्या आधी उघडतात व्हय? न्हाय, घड्याळ सगळ्या देशाला एकच. मग हिवाळ्यात माणसं अंधारातच घरी येत असतील की. येतात, यज्ञेशनं तिकडून सांगितलं. विमलताईंना भलतीच गंमत वाटू लागली.

"म्हणजे घड्याळ समद्यांचं एक आन् चंद्र ज्याच्या त्याच्या गावचा?"

"बरोबर," सर खूश होऊन म्हणाले. "ज्या गावात माणूस, त्या गावचा चंद्रोदय. दुसऱ्याचा चालत न्हाय."

यज्ञेश फोन घेऊन गॅलरीत गेला. समोरच्या गोदामावर तांबूस, कडेला जरा झिजलेला चंद्र होता. विमलताईंनी तो निरखून पाहिला. हात जोडले, फोनला अक्षता वाहिल्या, पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि पदरानं पुसूनही टाकले.

"चुकलं माझं, बाळा. जेव आता," त्या सुनेला म्हणाल्या. मग फोन तांब्याला टेकवून ठेवला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि समोर बसल्या. पहिल्या उपासाचं पोरीनं एकटीनं काय जेवायचं, मी बी चंद्र बघितलाच की, असं म्हणून त्यांनी मोदकावर तूप सोडलं. निवेदिता डोळे पुसत हसली.

सरांनीही लगबगीनं ताट घेतलं. विमलताईंनी त्यावर हात ठेवला.

"अगं, मी बी तोच चंद्र बघितला."

"मी अडाणी, मला चालतंय," विमलताई म्हणाल्या. "तुम्ही भूगोलाचे मास्तर. तुम्ही नऊ चारला या."