वामननानांची उदबत्ती

वामननाना कोणाच्याही घरी गेले की लगेच बसत नाहीत. आधी खिशातून उदबत्ती काढतात, पेटवतात आणि ती हातात धरून खोलीभर फिरतात. नव्या माणसाला वाटतं, हे देवघर शोधताहेत. नाना देवघरासमोरूनही तसेच पुढे जातात. त्यांचं लक्ष धुराकडे असतं. खिडकीपाशी धूर आत वळतो का, समोरच्या झरोक्याकडे जातो का, हे पाहून झालं की ते खुर्ची ओढतात. धूर खोलीच्या मध्यावर नुसता सरळ उभा राहिला, तर त्या घरी चहा घेत नाहीत.

"वारा पाव्हना शे," ते यजमानाला सांगतात. "त्याले येवाले बी दार पायजे, जावाले बी."

नाना मूळचे शिंदखेड्याचे. नोकरी टपाल खात्यात झाली. निवृत्तीनंतर जळगावात, आमच्या कॉलनीत घर बांधलं. पत्नी वारल्यापासून एकटेच राहतात; मुलगा पुण्यात आहे. एरवीचं बोलणं शहरी, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला की ते अहिराणीवर येतात.

मे महिन्यात कूलर लावून दारं-खिडक्या बंद करून घेणारी घरं आमच्याकडे बरीच आहेत. गारवा बाहेर जाऊ नये, हा हेतू. थोड्या वेळात खोली दमट होते, चादर ओलसर लागते आणि माणसं कूलर आणखी वाढवतात. अशा घरात नाना न विचारता शिरतात आणि समोरची खिडकी उघडतात. शेजारच्या रशीदभाईंनी एकदा वैतागून विचारलं, कूलर आमचा, वीज आमची, मग खिडकी तेवढी तुमची कशी?

"खिडकी कोणाचीच नसते," नाना म्हणाले. "बंद असते म्हणून तुम्हाला तुमची वाटते."

त्या दुपारी रशीदभाईंचा कूलर कमी वेगावर चालला आणि तरी घरातली माणसं झोपली. ही बातमी रशीदभाईंनी नानांना दिली नाही. मला दिली.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला नाना पाचोऱ्याला गेले, तेव्हा मीही सोबत होतो. उदबत्तीचा धूर बैठकीत सरळ उभा राहिला. शोध घेता शोकेसमागे खिडकी निघाली. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा दोन्हीकडची कर्ती माणसं शोकेस उचलून मध्यावर उभी होती आणि नाना त्यांना डावीकडे घ्यायला सांगत होते. लग्न जमलं. शोकेस अजून डावीकडेच आहे.

स्वतःचं घर हा नानांचा पुरावा होता. मार्चमध्ये ते गच्चीला चुना मारत. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा ओला पडदा असे. ऊन चढायच्या आत खिडक्या बंद आणि झरोके उघडे. दिवस मावळला की सगळं उघडं. एसीला ते थंड पेटी म्हणत. त्या पेटीत माणसं मावतात, वारा मावत नाही, असं त्यांचं मत होतं.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा, सून आणि नात सई सुट्टीला आली. एका दुपारी सईचा घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं. ओला पडदा होता, चुना होता, झरोके उघडे होते. नाना तिच्या डोक्यावर पाण्याची पट्टी धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी पुण्याला परतली. सुनेने दोष दिला नाही. पुढच्या सुट्टीत तुम्हीच तिकडे या, एवढंच म्हणाली. शाळेला उन्हाळ्याचीच काय ती मोठी सुट्टी असते. सई पुन्हा या घरी राहायला येणार नाही, हे नानांना त्या वाक्यातून कळलं.

यंदा एप्रिलमध्ये नानांच्या भिंतीवर एसी बसला. रशीदभाई मुद्दाम पाहायला आले.

"नाना, पाव्हण्याच्या जाण्याच्या दाराचं काय केलंत?"

नाना स्टुलावर चढून झरोक्यांत थर्माकोल बसवत होते. मग त्यांनी खिडकीच्या फटींना पट्ट्या चिकटवल्या, दाराखाली सतरंजीची घडी सरकवली आणि सवयीने उदबत्ती पेटवली. धूर खिडकीपाशी वळला नाही. झरोक्यापाशी वळला नाही. सरळ छतापर्यंत गेला. नाना त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"जमलं," ते म्हणाले.

सई आली. आठवडा उलटला तरी होती. एका दुपारी मी कैऱ्या द्यायला गेलो, तर नाना बाहेर ओट्यावर बसले होते, एसीच्या बाहेरच्या यंत्रापुढे. त्यातून निघणारी झळ थेट त्यांच्या मानेवर येत होती. आत का बसत नाही, असं मी विचारलं.

"दार उघडलं की गारवा जातो," नाना म्हणाले. "संध्याकाळी उघडू."

निदान ओट्याच्या त्या टोकाला बसा, तिकडे सावली आहे, लिंबाखालचा वाराही आहे, असं मी सुचवलं. नानांनी नकारार्थी मान हलवली. वर हात करून यंत्राच्या पत्र्यावर तळवा टेकवला. पत्रा थरथरत होता.

"हाई चालू शे तोवर नात घरमा शे."

कैऱ्यांची पिशवी मी ओट्यावरच ठेवली.