परातीतली नाचण

खुटबावात असा फोटो आजवर कुणी काढला नाही आणि पुढंही कुणी काढणार नाही, हे महेंद्र शेलारने फोटो काढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. कुरकुंभच्या कारखान्यात तो फिटर. बोनसमधून त्याने डिजिटल कॅमेरा आणला, तेव्हा बायकोला, करुणाला वाटलं, आता लेकीचे फोटो निघतील. निघाले ते साळुंकीचे, बुलबुलाचे आणि एकदा चुकून करुणाच्या कोपराचे.

मग परसातल्या पेरूवर नाचण आली. मुठीएवढा पक्षी. शेपटीचा पंखा उघडायचा, मिटायचा, जागच्या जागी गिरकी घ्यायची, जणू आतून कुणी ताल धरलाय. महेंद्र तिला बघत बसला की चहा गार व्हायचा आणि कारखान्याची बस निघून जायची. तिला अंघोळीला पाणी हवं म्हणून त्याने सरपणाखालून एक जुनी पितळी परात ओढून काढली, वरवर विसळली आणि पेरूखाली भरून ठेवली. सकाळचं कोवळं ऊन पाण्यात उतरलं, पितळेवरून उसळलं आणि नाचणीचं पोट सोन्याचं झालं. त्या दिवसापासून महेंद्र जमिनीवर नव्हताच.

परसात संचारबंदी लागली. करुणाने भांडी पुढच्या दारी घासायची. लेकीने, समृद्धीने, पाढे मनातल्या मनात म्हणायचे. आई आक्काबाईने खोकायचं नाही.

"खोकला काय भोंग्यावर चालतो व्हय?" आक्काबाई म्हणाली.

"आई, जरा कळ काढ. जयंतीला विहारात प्रदर्शन हाय. दौंडचे सर पाहुणे येणारेत. त्यांच्या मनात भरलं तर फोटो पुण्याच्या प्रदर्शनात नेतील."

"आन् मी कुठं खोकू?"

खरं तर ती परात बघूनच त्याला काहीतरी आठवायला हवं होतं. कुंपणापलीकडच्या झुंबरबाईशी आक्काबाईचा अबोला होता, तो एका परातीवरूनच. समृद्धीच्या बारशाला पुऱ्यांचं पीठ मळायला झुंबरबाईने आपली परात दिली होती. ती परत आली नाही, असं झुंबरबाईचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी पाठवली, असं आक्काबाईचं. शेवटी आक्काबाईने भर चावडीत सांगितलं होतं, "तुझी परात माझ्या घरात घावली, तर तुझ्या दारात बसून तुझी भांडी घाशीन." तेव्हापासून दोघी एकमेकींना फक्त कोंबड्यांच्या मार्फत शिव्या देत. हे सगळं महेंद्रच्या देखत घडलं होतं. पण त्या पितळेत त्याला फक्त ऊन दिसलं. स्वप्नाळू माणसाच्या डोळ्यांना मोतीबिंदू होत नाही, तो जन्मतःच असतो.

एका रविवारी नाचण परातीच्या काठावर बसली, शेपटी पसरली आणि तिने पाणी उडवलं. महेंद्रने बटण दाबलं. थेंब हवेतच थांबले. तो कॅमेरा छातीशी धरून वरवंडला विनोदच्या स्टुडिओत पोचला.

"पाखरू वाईच पुसट हाय," कॉम्प्युटरवर फोटो मोठा करत विनोद म्हणाला. त्याने माउसने फोटो ठळक करायच्या पट्टीवरची खुंटी उजवीकडं सरकवली. धुकं निवळावं तसं पीस न् पीस वेगळं झालं.

"अजून वाढव."

"बास की. खरखरीत व्हईल."

"वाढव. थेंबाथेंबात ऊन दिसलं पायजे."

"महेंद्रा, आता पाखराला मिशा फुटतील."

"फुटू दे."

दोघं नाचणीच्या डोळ्यात डोळे घालून बसले होते. फोटोच्या खालच्या कडेला कुणी पाहिलंच नाही. दाराएवढा फोटो छापून आला. कोपऱ्यात लिहिलं होतं, छाया: महेंद्र शेलार. येताना एसटीत त्याने तो मांडीवर उभा धरला आणि स्वतःचं तिकीट काढायचं राहिलं.

जयंतीच्या दिवशी विहारात फोटो समोरच्या भिंतीवर लागला. पांढरा शर्ट घालून महेंद्र शेजारी उभा राहिला. दौंडचे सर अजून चहा घेत होते. तेवढ्यात बायकांचा घोळका आत आला, त्यात सगळ्यांत पुढं झुंबरबाई. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि साक्षरतेच्या वर्गात अक्षरंही जुळली होती. नवीन नजर आणि नवीन अक्षरं घेऊन ती दिसेल ते वाचत सुटली होती. तिने पताका वाचली, पंख्यावरचं नाव वाचलं, मग नाचणीच्या फोटोशी आली आणि खाली वाकली. परातीच्या काठावर भांड्यावर घालतात तसलं टिंबाटिंबांचं नाव होतं. घासून घासून बुजलेलं, विनोदच्या खुंटीने आता लख्ख.

"झुं... ब... र... बाई," ती बोट फिरवत म्हणाली. "ज्ञान... देव... गायकवाड."

घोळक्यातल्या साऱ्या माना आक्काबाईकडं वळल्या.

"परत एकदा वाच," मागून आक्काबाईचा आवाज आला. झुंबरबाईने मोठ्याने वाचलं.

मग सगळं गाव फोटोपुढं लोटलं. ज्याला त्याला नाव वाचायचं होतं. सर टाचा उंचावून विचारत राहिले, "अहो, पक्षी कुठला आहे?" कुणी म्हणालं, "सर, परात हाय, परात." त्यांना दौंडची गाडी गाठायची होती. ते गेले, आणि पुणंही त्यांच्याबरोबर गेलं. महेंद्रने फोटोची कड उगाच सरळ केली. करुणा हळूच म्हणाली, "पाखरू लई गोड आलंय." तिच्याशिवाय ते कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काबाई परात घेऊन कुंपण ओलांडून गेली. झुंबरबाईच्या दारात बसून तिने भांडी घासायला घेतली. झुंबरबाई "राहू दे गं" म्हणत शेजारी बसली. एवढ्या वर्षांचं बोलणं साचलेलं, ते सरेना. अबोला मिटला म्हणून महेंद्रलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण दोघी रोज सकाळी कुंपणापलीकडच्या परसात बसू लागल्या, भांडी खणखणू लागली, आणि नाचण पेरूवर यायची बंद झाली.

ती परातीमागं गेली होती. दोघी चहाला आत गेल्या की ती झुंबरबाईच्या परसात उतरायची, अंघोळ करायची, गिरकी घ्यायची. महेंद्र कुंपणाशी ताटकळत उभा असायचा. शेवटी धीर करून त्याने विचारलं, "मावशी, तुमच्या परसात येऊन एक फोटो काढू का?"

"काढ की बाबा, इचारतोस काय," झुंबरबाई म्हणाली. तिने परात चिंचेने घासून आणली, फिरवून काठ बरोबर त्याच्या समोर केला. "पाखरू आलं न्हाई तरी चालंल. पर नाव नीट दिसलं पायजे."