दोनशे बारा अर्ज आणि एकच वडील

अर्ज लिहावा तर आम्हीच! ही बढाई नाही, अनुभव आहे. सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाइप करून देतोय. माझ्या अर्जाने कोरड्या नळाला पाणी आलंय, आणि मतदार यादीत मेलेला दाखवलेला आमचा शिंपी दोन महिन्यांत पुन्हा जिवंत झालाय!

म्हणून गल्लीच्या तोंडाशी नोटीस लागली, की नवा रेल्वेमार्ग इथून जाणार, हरकती तीस दिवसांत द्याव्यात, तेव्हा अख्खी गल्ली माझ्या दारात आली. मी कॉलर ताठ केली. म्हटलं, "रेल्वेवाल्यांना अजून माहीत नाही, गाठ कोणाशी आहे ते!"

आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती. घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. वार, तारीख, माझं नाव, काही म्हणता काही लक्षात राहत नाही. पण उठले की डावीकडे वळून, सात पावलं टाकून, बरोबर न्हाणीघरात जातात. एकटे! डॉक्टर म्हणाले होते, "घर बदलू नका. आहे तेवढंही जाईल." ते घर मला वाचवायचं होतं.

शिंपी म्हणाला, "माझ्या दोन ओळी मीच लिहितो. गिऱ्हाईक सगळं इथलंच ना!"

"तुझ्या त्या अक्षरात? मुकाट्याने सही कर!"

निवृत्त नर्सबाई वहीचं पान भरून घेऊन आल्या. ते मी आदराने परत केलं. एक गल्ली, एक मजकूर! आधी स्वतःचा अर्ज लिहिला, मग नाव-पत्त्याची जागा मोकळी सोडून दोनशे बारा प्रती काढल्या. शेवटच्या दिवशी गठ्ठा देऊन पोच घेतली आणि घोरत झोपलो.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. अण्णांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. समोर अधिकारी मॅडम आणि माझा गठ्ठा.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी!" मी छाती फुगवून उठलो.

"छान लिहिलंय. एक शंका आहे. 'माझे वडील, वय ब्याऐंशी, उठल्यावर डावीकडे वळतात.' हे सगळ्यांचेच वडील का?"

तो परिच्छेद प्रतींमधून काढायचा राहिला होता! आणि दोनशे बारांपैकी एकानेही सही करण्याआधी वाचलं नव्हतं. माझ्यावर विश्वास ना!

"या नर्सबाई. वय अठ्ठ्याहत्तर. यांचेही वडील ब्याऐंशीचे?"

हॉल खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्याने शिंपी हसला, मग पुढचा अर्ज त्याचाच निघाला.

"एकाच मजकुराचे सगळे अर्ज मिळून एकच हरकत धरली जाते," मॅडम म्हणाल्या. "लेखी मुदत संपली. पण तोंडी सांगा, तेही नोंदवू. ते वडील आलेत का?"

अण्णा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मला हायसं वाटलं. त्यांना नुसतं पाहिलं तरी मॅडमना कळेल!

"रेल्वे येणार म्हणता?" अण्णांनी विचारलं.

"हो आजोबा. तुमचं म्हणणं काय?"

"लवकर आणा हो. आमच्या हिला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. बसने फार वेळ जातो. तिला बसवत नाही तेवढं. घरी वाट बघत असेल."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. बसमध्येच गेली, अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "यावर तुम्हाला काही सांगायचंय?"

सांगायचं होतं! एवढंच, की आई आता नाही. पण अण्णांना ते सांगितलं, की दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ते रडतात. दोनदा सांगितलंय मी. तिसऱ्यांदा, भर हॉलमध्ये, माझ्याने होईना. मी नकारार्थी मान हलवून खाली बसलो. मग शिंपी उठला नाही, नर्सबाई उठल्या नाहीत. त्या माणसासमोर रेल्वे नको म्हणणार कोण?

कारकुनाने लिहिलं: हरकत एक, समर्थन एक.

मार्ग गल्लीतूनच ठरला, घरं पाडली. गल्लीने मला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या खोल्यांत राहतो. अण्णा सकाळी उठतात, डावीकडे वळतात आणि भिंतीला हात लावून उभे राहतात. मी आधीच तिथे जाऊन थांबलेला असतो. हात धरून वळवतो. ते फार संकोचतात. म्हणतात, "तुम्हाला उगाच त्रास. चार दिवस झाले, आता निघतो आम्ही. घरी जायची गाडी किती वाजता आहे हो?"

मी म्हणतो, "अजून रूळच टाकतायत, अण्णा."