लाल गाडीचा पाचवा गिअर

"हरिभाय, भाचीच्या लग्नाला माझी लाल गाडी घेऊन जा," असं शेठ म्हणाले आणि हरिश्चंद्र घाग पटकन "बरं" म्हणाला. पुढचा सगळा घोटाळा या "बरं"मधून झाला. एरवी पटकन काही करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

हरिश्चंद्र भाईंदर पूर्वेला याच शेठच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि इंद्रलोक सोसायटीत बायको वासंती आणि दोन मुलांसह राहत होता. पण लोक त्याला ओळखायचे ते ॲव्हरेजवाला म्हणून. आपल्या स्कूटरइतकं ॲव्हरेज अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये कुणाची स्कूटर देत नाही, असं तो सांगायचा. (तपासायला कुणी गेलं नव्हतं. सोबत गेलं की दिवस मोडायचा.) त्याचं तत्त्व सरळ होतं. जितकं हळू तितकं पेट्रोल कमी. संसारी माणसाने तिसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ नये, आणि उतार दिसला की इंजिन बंद करून देवाचं नाव घ्यावं.

या तत्त्वापायी वासंतीने लग्नानंतर एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नव्हती. बहिणीच्या, म्हणजे दुर्गाच्या मुलीच्या बारशाला हरिश्चंद्र पोचला तेव्हा बाळ झोपलं होतं आणि घुगऱ्या संपल्या होत्या. तीच भाची दहावी झाली, तिच्या सत्काराला पोचला तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. त्याने एका खुर्चीवर बसून घेतलं आणि एकट्याने टाळ्या वाजवल्या.

आता त्या भाचीचं, दिव्याचं, लग्न होतं. हायवेवर चारोटीला, दुपारी बाराचा मुहूर्त. लग्नात नेसायची पिवळी साडी मामाने आणायची आणि मामानेच मुलीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत न्यायचं, ही रीत. दिव्याने मुद्दाम कारखान्यात फोन करून बजावलं होतं.

"मामा, या वेळी तू उशीर केलास ना, तर मी खोलीतून हलणारच नाही. दुसऱ्या कुणाचा हात धरून मी येणार नाही, सांगून ठेवते."

हरिश्चंद्राला भरून आलं. या पोरीवर त्याचा फार जीव होता. "तू बघच," असं तो म्हणाला.

शेठने सुट्टी दिली ती फक्त लग्नाच्या दिवसाची. मुलं आजीबरोबर आदल्या दिवशीच एसटीने पुढे गेली. चारोटीपर्यंत पैठणी नेसून स्कूटरवर बसायला वासंती तयार नव्हती. तेव्हा शेठने गाडी देऊ केली. मोठं मन होतंच, पण त्यात शेठचाही एक हिशेब होता.

"ही गाडी पेट्रोल पिते की माझा चंदन पितो, मला समजत नाय," शेठ म्हणाले. "तुझ्यासारखा माणूस चालवेल तेव्हाच खरं कळेल. लिटरला दहा दिले तर ठेवतो. नाय तर विकून टाकतो."

चंदन हा शेठचा पंचविशीतला मुलगा. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीतला जपानी साहेब मायदेशी परत जाताना ही गाडी विकून गेला होता, ती चंदनने हट्टाने आणली होती. किल्ली देताना त्याचा चेहरा पोरगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता.

"काका, प्लीज, दहा काढा. आणि एक सांगू? हायवेला एकदम पाचव्यात टाकून..."

"चंदन," हरिश्चंद्र शांतपणे म्हणाला, "ॲव्हरेज मला शिकवू नकोस."

सकाळी गाडी इंद्रलोकच्या फाटकाबाहेर आली तेव्हा अख्खी सोसायटी गॅलरीत होती. सेक्रेटरी आले तरी खुर्ची न सोडणारा वॉचमन चक्क उठून उभा राहिला. दोन दरवाजे, दोन माणसांपुरती जागा, आणि रंग असा लाल की बघणाऱ्याने दोन पावलं मागे व्हावं. हरिश्चंद्र आत बसला तो पाटावर बसल्यासारखा, थेट जमिनीलगत. समोरच्या काट्यावर दोनशे चाळीसपर्यंत आकडे होते. एवढे आकडे कशाला लागत असतील, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. त्याने आधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला.

"एसी लावा ना," वासंती म्हणाली. पिवळ्या साडीचं पुडकं तिने मांडीवर घट्ट धरलं होतं.

"एसी पेट्रोल खातो."

"मग काच खाली करते."

"काच उघडली की वारा आत शिरून गाडीला मागे रेटतो."

वासंतीने पदराने वारा घेतला. तेवढ्याला पेट्रोल लागत नव्हतं.

काशिमीऱ्याला पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि दोघं हायवेला लागले. तिसरा गिअर, काटा चाळीसवर. सुरुवातीला मागून येणारे लोक वेग कमी करून गाडीकडे डोळे भरून बघायचे. ट्रकवाले हॉर्न देऊन सलाम करायचे. मग ते पुढे निघून जायचे. एसटी पुढे गेली, दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल पुढे गेली. खाडीच्या पुलापलीकडे उतार लागला तसं हरिश्चंद्राने इंजिन बंद केलं आणि त्या दोनशे चाळीसच्या गाडीला एक सायकलवाला मागे टाकून गेला. जाताना त्याने वळून बघितलं. त्याच्या नजरेत आधी आश्चर्य होतं आणि मग कीव.

थोड्या वेळाने सुक्या बोंबलांचा वास आला आणि पाठोपाठ उत्तनच्या सुक्या मासळीचा एक टेम्पो शेजारून चालू लागला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"शेट, गारी बंद परली काय? धक्का मारू?"

"नाही, चालू आहे."

"चालू हाय?" त्याचा विश्वास बसेना. "मंग अशी का चालतेय?"

"ॲव्हरेज काढतोय."

"हा धर्माजी तलासरीच्या बाजाराला चाललाय," तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला. "तिकरं चांगला मेकॅनिक हाय. धारून देऊ?"

वासंतीने पुडक्यात तोंड लपवलं. टेम्पो गेला, वास बराच वेळ राहिला.

विरार फाटा मागे पडला तेव्हा हरिश्चंद्राची नजर पेट्रोलच्या काट्यावर गेली. काटा खाली आला होता. त्याने लगेच वेग पस्तीसवर आणला. काटा आणखी खाली. तीस. इंजिन कण्हायला लागलं. तो जितका हळू जाई तितकं पेट्रोल संपे, आणि जितकं पेट्रोल संपे तितका तो आणखी हळू जाई. गाडी तापली असेल म्हणून खानिवड्याला चहाच्या टपरीशी थांबला, तर गाव लोटलं. कुणी हेडलाइटला हात लावून बघतोय, कुणी आपलं बाळ बॉनेटवर बसवतोय.

"किती पलते?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"दोनशे चाळीस," हरिश्चंद्र अभिमानाने म्हणाला.

"आन तुमी कवा निघाले?"

हरिश्चंद्र लगबगीने गाडीत बसला आणि निघाला.

"अहो, या दांड्याच्या बोंडावर पाच आकडे काढलेत," वासंती म्हणाली. "हा पाच कशाला?"

शेठच्या जुन्या गाडीला चारच गिअर होते आणि हरिश्चंद्र तिच्यावरच शिकला होता. "तो परदेशातल्या रस्त्यांसाठी," त्याने समजावलं. "आपल्याकडे नुसता शोभेला ठेवतात."

तेवढ्यात मागून सनईची कॅसेट ऐकू आली आणि फुलांच्या माळा लावलेली एक बस हॉर्न वाजवत पुढे गेली. मागच्या काचेवर थर्माकोलची अक्षरं होती. वासंतीने ती मोठ्याने वाचली आणि तिचा आवाज चिरकला.

"अहो, दिव्याचं नाव आहे! ही नवऱ्याकडची बस आहे!"

हरिश्चंद्राने बसकडे बघितलं, मग घड्याळाकडे. तरी मनोरला तो पंपावर वळलाच. ॲव्हरेजचा खुलासा झाल्याशिवाय त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर पडणं शक्य नव्हतं. टाकी पुन्हा काठोकाठ भरली, भागाकार केला. उत्तर आलं सात. त्याने पुन्हा भागाकार केला. सातच.

"सात?" तो पंपावरच्या पोराकडे असा बघायला लागला की ते पोरगं घाबरून मागे सरलं. "वासंती, मी चालवून सात?"

"सात होऊ दे नाही तर सत्तर!" वासंती इतक्या वर्षांत पहिल्यांदा हायवेवर ओरडली. "साडेदहा वाजून गेले! ती पोर साडीसाठी ताटकळलीय आणि साडी माझ्या मांडीवर आहे. बारशाला तिला कळत नव्हतं. आज ती नवरी आहे. तुम्हाला माझी शप्पथ आहे, तो पाच टाका!"

ती रडत होती. हरिश्चंद्राने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या बोंडावरच्या आकड्याकडे. मग त्याने आपलं तत्त्व मनोरच्या पंपावर सोडलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. तिसरा. चौथा. डोळे किलकिले करून पाचवा.

आणि गाडी गप्प झाली.

त्याला वाटलं, बंद पडली. सकाळपासूनचं ते कण्हणं, ती थरथर, सगळं थांबलं होतं. मग त्याने काट्याकडे बघितलं. काटा नव्वदवर होता आणि गाडी घरात पाय पसरून बसल्यासारखी निवांत चालली होती. दोन्ही बाजूंची झाडं येतायत कधी आणि जातायत कधी, पत्ता लागत नव्हता. दूरचा डोंगर बघता बघता शेजारी आला आणि मागे गेला. हरिश्चंद्राने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. माणसाने असलं काही बनवलं, आणि ते आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं ऐकतंय, हे त्याला खरंच वाटेना. त्याचे डोळे पाणावले.

"अहो," वासंती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. चालवा."

ती हसत होती. काच खाली केली होती, अंबाड्यातला गजरा केव्हाच उडाला होता. इतकं मोकळं हसताना त्याने तिला कधीच पाहिलं नव्हतं. सायकलवाला गेला, दुधवाला गेला, फुलांची बस तर रस्त्याकडेला उभी असल्यासारखी मागे पडली. देवळात गेल्यावर बोलत नाहीत तसं दोघांचं झालं होतं.

मग पुन्हा सुक्या बोंबलांचा वास आला. पुढे बाजार होता आणि धर्माजीचा टेम्पो उभा राहून माल उतरवत होता.

"गाठलं की नाही?" हरिश्चंद्राने विजयाने ब्रेक दाबला. "सकाळपासून पुढे होता!"

"गाठलं!" वासंतीने टाळी वाजवली. मग टाळीचे हात तसेच राहिले. "पण अहो, तो तर तलासरीला चालला होता ना?"

चारोटी केव्हाच मागे गेलं होतं. मांडव, कमान, सनई, सगळ्यांवरून ते दोघं तोंडं उघडी टाकून निघून आले होते.

"शेट, मेकॅनिक भेटला काय?" धर्माजीने आनंदाने विचारलं. उत्तराच्या जागी त्याला फक्त धूळ मिळाली.

परतीची वाट पुन्हा पाचव्यातच झाली, फक्त या वेळी वासंती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती.

मांडवात दुर्गा कपाळाला हात लावून बसली होती. दिव्या खोलीत साध्या ड्रेसमध्ये, दार धरून. चार जणांनी समजावलं, दुसरा मामा उभा करू म्हणाले. तिने ऐकलं नाही. वासंती पुडकं घेऊन आत धावली आणि बायकांनी मिळून साडी अशी काही झटपट नेसवली की गाडीलाही लाज वाटावी. गुरुजींनी "मामा, मुलीला आणा" म्हणून हाक मारली तेव्हा मामा दारात उभा होता. पिवळ्या साडीतली दिव्या बाहेर आली. त्याने तिचा हात धरला.

"आलास," ती म्हणाली.

"आलो," तो म्हणाला. तिला लहानपणी धरायचा तसाच त्याने हात घट्ट धरला होता. मुहूर्ताला चार मिनिटं शिल्लक होती.

"दादा, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आलास रे," अक्षता पडल्यावर दुर्गा डोळे पुसत म्हणाली. "पण बाहेरची पोरं सांगतायत, लाल विमान आधी इकडून तिकडे गेलं, मग तिकडून इकडे आलं. ते काय होतं?"

"जागा बघत होतो," हरिश्चंद्र म्हणाला.

संध्याकाळी काशिमीऱ्याच्या पंपावर टाकी भरून, मनोरनंतरचा सगळा प्रवास मोजून उत्तर आलं ते तेरा. शेठने हरिश्चंद्राची पाठ थोपटली, चंदन त्याच्या पायाच पडला.

"तेरा! हरिभाय, किती हळू चालवली असशील तू!"

चंदन मान खाली घालून हसला. हरिश्चंद्राने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

कारखान्यातून नवरा-बायको स्कूटरवर घरी निघाले. तिसरा गिअर, नेहमीचं कण्हणं. मागून एक रिक्षा पुढे गेली, मग एक हातगाडी.

"म्हणजे अहो," वासंती मागून म्हणाली, "इतकी वर्षं आपण उशिरा पोचत होतो, ते जास्त पेट्रोल जाळून?"

"ते मोटारीचं. स्कूटरचं शास्त्र वेगळं असतं."

वासंतीने पुढे वाकून हँडलवरच्या गिअरकडे बघितलं.

"आपल्या स्कूटरला चौथा गिअर आहे?"

"आहे."

"कसा चालतो?"

उतार आला तसं हरिश्चंद्राने इंजिन बंद केलं.

"काय माहीत," तो म्हणाला, "अजून कोराच आहे."